आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?

"वडिलांनी पट्ट्याने फोडून काढलं म्हणून तर माणूस झालो," असं कुणी लग्नाच्या पंगतीत म्हटलं की हशा पिकतो. याच गृहस्थांना बायकोने "आज उशीर का झाला?" एवढं विचारलं, तर ते दोन दिवस अबोला धरतात. त्यावर पंगतीत कुणी बोलत नाही. या दोन्हींचा संबंध असेलच असं नाही, पण तो असूच शकत नाही हा गैरसमज मात्र फार पक्का आहे.

दुसरी समजूत अशी, की चांगल्या घरांत असलं काही घडत नाही. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. दोन टप्प्यांत मिळून सॅन दिएगोतल्या १७ हजारांहून अधिक प्रौढांना त्यात मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरातलं व्यसन अशा गोष्टींबद्दल विचारलं गेलं. बहुतेक जण आरोग्यविमा असलेले, मध्यमवर्गीय होते. तरीही सुमारे दोन तृतीयांश लोकांनी किमान एक असा अनुभव सांगितला. अनुभवांची संख्या वाढे, तसं नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २००७च्या अहवालात महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतली १२,४४७ मुलं होती. तिघांपैकी दोघांनी मारहाण सोसली होती, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. लैंगिक छळ सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. "मुलग्यांना काय धाड भरलीय?" म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

हात न उगारताही मूल दुखावतं. सतत तुलना, महिनोन्‌महिने अबोला, "तू झालीस आणि घराची रया गेली" असले टोमणे. आईवडिलांशिवाय मुलाचं चालत नाही, म्हणून ते चुकीचे आहेत असं मानणं त्याला परवडत नाही. मग 'मीच वाईट आहे' हा निष्कर्ष सोपा पडतो. मोठेपणी पगार, पदवी, मानसन्मान मिळूनही तो पुसला जात नाही. कौतुक झालं तरी समोरच्याला आपण फसवतोय असं वाटत राहतं.

मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी मूल आणि आई यांच्यातल्या जवळिकीचा अभ्यास केला. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७मध्ये तोच विचार प्रौढांच्या प्रेमाला लावला. जोडीदाराने फोन उचलला नाही तर एखाद्याचा जीव टांगणीला लागतो. दुसरा "मला कुणाची गरज नाही" म्हणत लांब राहतो. आपल्याकडे या दुसऱ्याला 'स्वावलंबी' म्हणून शाबासकी मिळते. दारुडा बाप आणि रडणारी आई यांच्यात लहानपणापासून मध्यस्थी करणारी थोरली मुलगी 'किती समंजस' ठरते. तिला पुढे संसारात साधं "नाही" म्हणता येत नाही. "लग्न झालं की सगळं ताळ्यावर येतं" हा सल्ला म्हणूनच घातक आहे. ज्याला माया आणि भीती एकाच माणसाकडून मिळाली, त्याची भीती जवळिकीतच जागी होते.

"मार खाल्लेला पुढे मारतोच" हेही खरं नाही. जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून हे प्रमाण सुमारे ३० टक्के काढलं. म्हणजे बहुसंख्य लोक मारत नाहीत. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. अत्यंत बिकट घरांतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं मायाळू, कर्तबगार माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एखादं भरवशाचं मोठं माणूस होतं: आजी, मावशी, नाहीतर शाळेतल्या बाई.

आता रील्समुळे उलटा गैरसमज पसरतोय: फेलिटी-अँडांच्या अभ्यासातून आलेल्या दहा प्रश्नांचे गुण मोजा आणि स्वतःचं भविष्य ओळखा. असे गुण एकेका व्यक्तीच्या निदानासाठी वापरू नका, असं खुद्द अँडा यांनीच २०२०मध्ये लिहिलं. आणि बालपण हे आजच्या वागण्याचं कारण असू शकतं, पण बायकोवर हात उगारायची सबब नक्कीच नाही.

"जुनं उकरून काय मिळणार?" असं विचारणाऱ्यांसाठी एवढंच, की उपचार म्हणजे आईवडिलांना जाब विचारणं किंवा जबरदस्तीने माफ करणं नव्हे. आघातानंतरच्या त्रासावर ठरावीक मानसोपचारांचा उपयोग होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३मध्ये त्यांची शिफारस केली आहे. पहिलं पाऊल म्हणून १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर फोन करा; सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येतं.