पाण्याखालची बाग – लेखांक ६ : दोन फुटी टाकीसाठी घरी बांधलेला एलईडी दिवा

पाणवनस्पतींच्या टाकीवरचा दिवा दोघांसाठी जळतो: पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी आणि पानांतल्या हरितद्रव्यासाठी. दोघांची भूक सारखी नाही. डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळसर हिरवा प्रकाश सर्वांत ठळक दिसतो आणि ल्युमेन हे माप त्याच हिशोबाने ठरलेले आहे. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश अधिक शोषते; ४०० ते ७०० नॅनोमीटरचा सगळा पट्टा वनस्पतीच्या कामाचा असतो. त्यामुळे खोक्यावर छापलेल्या ल्युमेनमधून वनस्पतीला काय मिळणार, याचा अंदाज तेवढा येतो. पांढऱ्या एलईडीपुरता हा अंदाज पुरतो, म्हणून छांदिष्टांमध्ये एक ढोबळ आडाखा चालतो. वेगळा कार्बन डायऑक्साइड न सोडता वाढणाऱ्या साध्या वनस्पतींसाठी लिटरमागे २० ते २५ ल्युमेन, आणि जमिनीलगत पसरणाऱ्या गालिच्यासारख्या वनस्पतींसाठी ४०च्या पुढे.

जांभळे ‘ग्रो लाइट’ टाळलेले बरे. त्यांच्याखाली वनस्पती वाढतात, पण हिरवी पाने काळपट दिसतात, आणि मग टाकी दिवाणखान्यात ठेवण्याचा हेतूच उरत नाही.

पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. सुमारे ४५० नॅनोमीटरच्या निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसते. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पाणबागेला कलेचा दर्जा मिळवून देणारे जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो वेगळे; योगायोग फक्त आडनावाचा. बाजारात ६५०० केल्विनचा ‘कूल डेलाइट’ सहज मिळतो. त्यात तांबडा भाग थोडा कमी पडतो. तो ३००० केल्विनच्या ‘वॉर्म व्हाइट’ने भरून निघतो.

अंधेरी-बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीशेजारी मावते ती टाकी बहुधा दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. मापाने ५४ लिटर. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ४५ लिटरच्या आसपास. लिटरमागे २५ ल्युमेन धरले तर सुमारे ११०० ल्युमेन हवेत. चांगला एलईडी वॅटमागे १०० ल्युमेन देतो, म्हणजे ११–१२ वॅट पुरतात. पूर्वी याच टाकीवर चोकवाली दोन फुटी ट्यूबलाइट असे. तिचा निम्मा उजेड वर झाकणाकडे जाई. एलईडीचा उजेड एकाच दिशेला पडतो, त्यामुळे वॅट कमी लागतात.

बांधणी दोन प्रकारे होते. १२ व्होल्टची चिकटपट्टी सोपी: तीन-तीन एलईडींमागे रोधक बसवलेलाच असतो, हवी तिथे कापायची, अडॅप्टर जोडायचा. उणीव अशी, की पातळ पट्टी लांब गेली की टोकाकडचा उजेड मंदावतो (दोन्ही टोकांना वीज दिली तर हा दोष जातो). दुसरा प्रकार ताऱ्याच्या आकाराच्या चकतीवर बसवलेल्या ३ वॅटच्या एलईडींचा. तो थोडा खटाटोपाचा, पण जास्त टिकतो. दोन फुटी टाकीला सहा एलईडी घ्यावेत, चार ६५०० चे आणि दोन ३००० चे. ते एकामागे एक जोडले की प्रत्येकी ३.२ व्होल्टप्रमाणे १९.२ व्होल्ट होतात. त्यांना ६०० मिलिअँपिअरचा ‘कॉन्स्टंट करंट’ ड्रायव्हर दिला की भरतात साडेअकरा वॅट. इथे साधा अडॅप्टर चालत नाही. एलईडी तापला की त्याला लागणारे व्होल्टेज उतरते, प्रवाह वाढतो, तो आणखी तापतो आणि शेवटी जळतो. ड्रायव्हर प्रवाहच बांधून ठेवतो. अशा साखळीतला एक एलईडी तुटला तर सगळे विझतात, हे ध्यानात असू द्यावे. हे सगळे सामान ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, सुटे मिळते.

दिवा बिघडतो तो बहुतेकदा उष्णतेने. वापरलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक उष्णता होते आणि ती चिपच्या पाठीमागून बाहेर पडते. तिला वाट मिळाली नाही तर एलईडी महिन्यांत मंद होतो. ही वाट उपनगरात गल्लोगल्ली सापडते: स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे अॅल्युमिनियम सेक्शनचे उरलेले तुकडे असतात. दोन फुटी जाड सेक्शन घेऊन त्यावर दर चार इंचांवर एक चकती, खाली थर्मल पेस्टचा पातळ थर आणि दोन स्क्रू. पेस्ट जाड लावली तर उलट अडथळा होतो. तारा सोल्डर केल्यावर मल्टिमीटरचे एक टोक जोडावर आणि दुसरे अॅल्युमिनियमवर ठेवावे. बीप वाजली तर कुठेतरी धातूला धातू लागला आहे. मग अर्धा तास दिवा चालवून सेक्शनला हात लावून पाहावा. हात टेकून ठेवता आला तर ठीक. चटका बसत असेल तर सेक्शन मोठा हवा. मेमध्ये मुंबईतल्या टाकीचे पाणी ३० अंशांवर जाते, तेव्हा दिवा काचेला चिकटवून न ठेवता तीन-चार इंच वर उचललेला बरा.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. हवेत आधीच ओल, वर्सोव्याकडे तर खारही, आणि टाकीतून वाफ सतत वर येते. सोल्डरचे जोड महिनाभरात हिरवे पडतात. ते झाकायला टाकी चिकटवतानाचे उरलेले सिलिकॉन वापरण्याचा मोह होतो. नेमके तेच टाळावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि तांबे खाते. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेली ट्यूब घ्यावी, तारांवर हीट श्रिंक नळी चढवावी.

ड्रायव्हर टाकीवर ठेवू नये. तो भिंतीवर, बाजूला असावा, आणि ‘आयसोलेटेड’च घ्यावा, कारण स्वस्तातल्या काही ड्रायव्हरांत २३० व्होल्टची बाजू आणि एलईडीची बाजू आतून वेगळी नसते. सेक्शनला अर्थिंग द्यावे. वायर प्लगकडे जाताना एकदा खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळलेले थेंब झोलाशीच गळतात. घरात गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी नसेल तर आधी तो बसवावा, मग दिवा.

विजेचे बिल फुगत नाही: रोज सात तास चालवूनही महिन्याला तीन युनिटांच्या आतच.

आता वेळ. नव्या टाकीत पहिले दोन-तीन आठवडे सहा तासांहून जास्त उजेड देऊ नये. मुळे धरलेली नसतात, आणि वनस्पतींनी न वापरलेला उजेड शेवाळाच्या कामी येतो. टायमर लावून दिवा संध्याकाळी, घरी माणसे असताना चालवला तरी वनस्पतींचे बिघडत नाही. मात्र टाकी खिडकीशी असेल तर दिवसाचे ऊन त्या सहा तासांत धरावे लागते. काचेवर हिरवा थर लवकर चढू लागला तर दिवा अर्ध्या तासाने कमी करावा. देठ लांब होऊन पाने विरळ पडली तर उलट करावे. कोकणातल्या सावलीच्या ओढ्यांत वाढणारी क्रिप्टोकोराइन स्पायरॅलिस सहा तासांवरही खूश असते. रोटालाला तांबूस रंग हवा असेल तर आठ तास लागतात. झाकणाच्या काचेवर थेंब वाळून पांढरे डाग पडतात आणि उजेड अडवतात. पाणी बदलण्याच्या दिवशी तीही पुसून घ्यावी.