गाडी पोराची, आरसी बापाची : पहिली छोटी गाडी सजवायची तर कुठवर?

अठरा पूर्ण झाले, लायसन्स हातात आलं आणि घरच्यांनी एक सेकंडहँड छोटी गाडी घेऊन दिली. अल्टो, वॅगनआर, आय-टेन, फार तर स्विफ्ट. आता पहिल्या आठवड्यात काय होतं? पोरगं मोबाईलवर रील्स बघत बसतं. काळ्या काचा, निळे एलईडी, रुंद टायर, कानठळ्या बसवणारा बेस. मग मित्राला घेऊन मुंबईत असेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, नाहीतर आपापल्या गावातलं ॲक्सेसरीजचं दुकान. दुकानदार म्हणतो, "सगळं बसवून देतो, टेन्शन घेऊ नका."

टेन्शन त्याला नसतंच. कारण गाडीच्या आरसीवर ना त्याचं नाव असतं, ना पोराचं. बहुतेक घरांत ते वडिलांचं किंवा आईचं असतं आणि सगळा विषय तिथेच फिरतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. त्यानुसार नियमांत न बसणारा बदल केला, तर गाडीच्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत. एक 'प्रत्येक', दुसरा 'मालक'. म्हणजे हौस पोराची आणि नोटीस बापाच्या नावावर. बाप बिचारा त्या वेळी बँकेत काउंटरवर बसलेला असतो.

(पोरगं अजून अठराचं नसेल, तर सजावटीचा विचारच नको. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.)

मग काय, गाडीला हातच लावायचा नाही? तसं अजिबात नाही. सीएनजी किट बसवून आरसीवर इंधनाची नोंद करून घेता येते. रंग आरसीवर लिहिलेला असतो, तोही आरटीओत रीतसर नोंद करून बदलता येतो. आणि सीट, मॅट, म्युझिक, आतला उजेड अशा गोष्टींशी आरसीला काही देणंघेणं नसतं. थोडक्यात, जे बदल फक्त गाडीत बसणाऱ्याला जाणवतात, तिथे भरपूर मोकळीक आहे. ज्यांचा त्रास समोरून येणाऱ्याला, मागच्याला किंवा रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला होतो, तिथे कायदा नाक खुपसतो. आणि गंमत म्हणजे बघणाऱ्याला गाडी भडक वाटते, तीही बहुतेक वेळा याच दुसऱ्या प्रकारच्या बदलांमुळे.

काचांपासून सुरुवात करू. नियम असा की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवर नंतर चिकटवलेली फिल्मच नको, मग ती कितीही फिकट असो, असा आदेश दिला. पुढे नियम बदलले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की ७०-५० चं प्रमाण पाळणारी, दर्जाची फिल्म चालेल. पण गाडी एमएच पासिंगची आहे. नाक्यावर थांबवलेल्या अठरा वर्षांच्या पोराने हवालदाराला केरळचा निकाल समजावून सांगावा, हे चित्र कितीही गोड असलं तरी व्यवहारात उपयोगाचं नाही. उन्हासाठी मागच्या खिडक्यांना काढता-घालता येणारी जाळी लावावी आणि अंधार पडला की काढून ठेवावी. नवीन चालवणाऱ्याला रात्री, पावसात, पार्किंगमधून रिव्हर्स घेताना बाहेरचं जितकं स्पष्ट दिसेल तितकं कमीच असतं.

दिव्यांचं प्रकरण याहून गंभीर आहे. जुन्या छोट्या गाड्यांत बहुतेक एच-फोर हॅलोजन बल्ब असतो, ६०/५५ वॉटचा. आतल्या रिफ्लेक्टरचा आकार त्या बल्बमधली तार नेमकी कुठे आहे हे धरून बनवलेला असतो. त्यात स्वस्तातला एलईडी बल्ब खुपसला की उजेडाचा उगमच बदलतो आणि प्रकाश वाट्टेल तसा फाकतो. चालवणाऱ्याला वाटतं, काय लख्ख दिसतंय! प्रत्यक्षात उजेड जवळच्या डांबरावर आणि समोरच्याच्या डोळ्यांत पडतो, लांबचा रस्ता मात्र होता तसाच अंधारात राहतो. घाटात रात्री समोरून अशी गाडी आली की दोन सेकंद काहीही दिसत नाही, हे महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शंभर वॉटचा हॅलोजन टाकणं हाही उपाय नाही. मूळ वायरिंग आणि होल्डर तेवढ्या करंटसाठी नसतात, ते वितळतात.

त्यापेक्षा जुन्या गाडीच्या पिवळट पडलेल्या हेडलाइटच्या काचा पॉलिश करून घ्याव्यात, त्याच वॉटचे चांगल्या कंपनीचे नवे बल्ब टाकावेत आणि झोताची उंची गॅरेजमध्ये जुळवून घ्यावी. गाडी पाच वर्षांनी तरुण दिसायला लागते. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केला जाणारा बदल आहे.

नंबरप्लेटबद्दल महाराष्ट्राला वेगळं काही सांगायला नको. ४१४१ चा 'दादा' आणि ८०५५ चा 'बॉस' करण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही. पण १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्या उच्च सुरक्षा नंबरप्लेट घेऊनच येतात आणि त्याआधीच्या गाड्यांनाही राज्याने ती सक्तीची केली आहे. सेकंडहँड गाडीला ती लागलेली आहे का, हे व्यवहाराच्या वेळीच बघावं. मल्टिटोन हॉर्न आणि फाडलेला सायलेन्सर यांचं तर बोलायलाच नको. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत.

समोर लावायचा लोखंडी गार्ड अजूनही काही जणांना मर्दानी वाटतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. एक तर पायी चालणाऱ्याला तो जास्त जखमी करतो. शिवाय धडकेची ताकद तो थेट चासीकडे नेतो, मग बंपरने दबून धक्का सोसायचं काम होत नाही आणि एअरबॅग उघडण्याची वेळही चुकू शकते.

टायरच्या बाबतीत मात्र हौस आणि अक्कल एकत्र नांदू शकतात. २०१८ ची स्विफ्ट घ्या. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतात, वरच्याला १८५/६५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रुंदीच्या किती टक्के उंची आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशोब केला तर पहिल्या चाकाची एकूण उंची साधारण ६२० मिलिमीटर भरते आणि दुसऱ्याची साधारण ६२२. फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा! म्हणजे खालचं मॉडेल असलं तरी वरच्या मॉडेलचे अलॉय आणि टायर बसवले की गाडी भरीव दिसते आणि स्पीडोमीटर फसत नाही. कंपनीनेच त्या गाडीसाठी तो साइज वापरलेला असतो.

याउलट कुणी हट्टाने २०५/६५ आर १५ बसवले, तर चाक साधारण २८ मिलिमीटरने उंच होतं. काट्याचं गणित साडेचार टक्क्यांनी चुकतं, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासतो, स्टिअरिंग जड होतं आणि छोटं इंजिन धापा टाकतं. डिकीतली स्टेपनी तर वेगळ्याच मापाची राहते.

पण त्याआधी टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडीचे टायर नक्षी शिल्लक असल्यामुळे नवे दिसतात आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. पाच-सहा वर्षं उलटलेली असतील, तर म्युझिक सिस्टिमचे पैसे आधी इथे घालावेत. पहिल्या पावसात ब्रेक मारल्यावर गाडी कुठे थांबते, ते बूफरच्या आवाजावर ठरत नाही.

तेवढ्यासाठी एक लाल प्लास्टिकचं झाकणही सांगून टाकू, जे चाकाच्या आत ब्रेकवर बसवतात, स्पोर्ट्स कारसारखं दिसावं म्हणून. अल्टोच्या चाकात ते काजू कतलीवर ठेवलेल्या मिरचीसारखं दिसतं. वर ब्रेकची उष्णताही अडवतं.

आता गाडीच्या आत येऊ. खरी मजा इथे आहे, कारण माणूस गाडी बाहेरून दिवसाला दोन मिनिटं बघतो आणि आत तासभर बसतो.

सीट कव्हर घेताना आधी सीटच्या दाराकडच्या बाजूला 'एअरबॅग' लिहिलेली छोटी पट्टी आहे का बघा. असेल तर तिथून एअरबॅग बाहेर येते, आणि सरसकट शिवलेलं जाड कव्हर तिला अडवू शकतं. त्यासाठी खास शिवण असलेली कव्हर मिळतात, तीच घ्यावीत. रंगाचं म्हणाल तर डॅशबोर्डशी जुळणारा एक मूळ रंग आणि शिलाईत एखादा वेगळा धागा पुरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काळं रेक्झिन म्हणजे तापलेला तवा. कापडी कव्हर जास्त माणुसकीचं.

मॅट एकावर एक दोन टाकू नयेत. वरची सरकते आणि पेडलखाली जाते. स्टिअरिंगला जाडजूड गुळगुळीत कव्हरपेक्षा हाताने शिवून बसवलेलं पातळ लेदर बरं. ते फिरत नाही आणि हाताला छान लागतं. गिअरचा नॉब बदलता येतो. पायाशी हलका पांढरा किंवा पिवळसर उजेड लावता येतो, फक्त लाल-निळा झगमगाट नको.

म्युझिक सिस्टिम बसवताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा, "वायर कापणार की कप्लर लावणार?" गाडीच्या मॉडेलचा कप्लर मिळतो आणि त्याने मूळ वायरिंगला हात न लावता स्टिरिओ जोडता येतो. कापून टेप गुंडाळलेली वायर पुढे कधी शॉर्ट होईल सांगता येत नाही. आणि चारही दारांत बरे स्पीकर घातले तर छोट्या गाडीला बूफर लागतच नाही. डिकीत आईच्या भाजीच्या पिशव्यांनाही जागा राहते.

आता गणपती. डॅशबोर्डवर बाप्पा किंवा महाराज नाहीत अशी गाडी आपल्याकडे शोधावी लागेल, आणि नव्या चालकाच्या आईला तर त्याशिवाय चैन पडत नाही. ३१ डिसेंबर २०२१ पासूनच्या सगळ्या नव्या गाड्यांत पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. अनेक गाड्यांत तिचं झाकण डॅशबोर्डच्या डाव्या वरच्या भागात असतं. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर येते. त्या झाकणावर चिकटवलेली पितळी मूर्ती सरळ शेजारच्याच्या चेहऱ्यावर जाईल. मूर्ती छोटी, हलकी, मधल्या एसीच्या जाळीच्या वरच्या सपाट जागी, नजरेच्या रेषेच्या खाली बसवावी. आरशाला लटकणाऱ्या माळा आणि खेळणी काढूनच टाकावीत, डोळा सारखा तिकडे जातो.

बाहेरून ओळख हवीच असेल, तर एक गोष्ट निवडावी आणि थांबावं. मागच्या काचेच्या कोपऱ्यात तळहाताएवढा स्टिकर, गावाचं नाव, ट्रेकचा गड, काहीही. पूर्ण काच भरून 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहिला की आशीर्वाद दिसतो, मागची गाडी दिसत नाही. 'पोलीस' किंवा 'प्रेस'चा उसना स्टिकर तर नकोच.

उरला विमा. कारखान्यातून न आलेल्या ॲक्सेसरीज, म्हणजे अलॉय, स्टिरिओ, सीएनजी किट, पॉलिसीत वेगळ्या दाखवता येतात आणि त्यासाठी थोडा जास्त हप्ता भरावा लागतो. न दाखवलेली वस्तू चोरीला गेली तर तिचे पैसे मिळत नाहीत, आणि कापलेल्या वायरमुळे आग लागली तर सर्व्हेअर आधी तेच बघतो. म्हणून काम करून घेतल्यावर पक्कं बिल घ्यायचं आणि नूतनीकरणाची वाट न बघता विमा कंपनीला कळवायचं. काढलेले मूळ रिम, जुना स्टिरिओ, मूळ बल्ब एका खोक्यात भरून माळ्यावर ठेवायचे. दोन-तीन वर्षांनी गाडी विकताना गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, "ओरिजिनल सामान आहे ना?"