सूर्य बिघडला की ट्रॅक्टर थांबतो

१० मे २०२४. अमेरिकेच्या मध्यभागात मक्याची पेरणी ऐन भरात आली होती. तिथले मोठे ट्रॅक्टर उपग्रहांच्या इशाऱ्यावर चालतात. एकरांमागून एकर गेले तरी ओळ बोटभरही सरकत नाही. त्या दिवशी काही तास मात्र कित्येक यंत्रांना आपण शेतात नेमके कुठे आहोत तेच कळेना. ओळी भरकटू लागल्या, तशी काही शेतकऱ्यांनी पेरणीच थांबवली. यंत्रं धडधाकट होती. सूर्यावरून सुटलेले विद्युतभारित वायूचे लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर येऊन आदळले होते आणि २००३ नंतरचं सगळ्यात मोठं भूचुंबकीय वादळ सुरू झालं होतं. त्याच रात्री लडाखमधल्या हानले इथे आकाशात पसरलेला तांबडा उजेड कॅमेऱ्यांनी टिपला.

बारामतीकरांना ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतावर ऊस आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने पिकवला जातो आहे. उपग्रहाची चित्रं, मातीतले सेन्सर आणि हवामान केंद्राच्या नोंदी एकत्र करून पाणी कधी द्यायचं, खत किती टाकायचं याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. जुलै २०२५ मध्ये सुटलेला निसार उपग्रह तर ढगांतून आरपार पाहून जमिनीतला ओलावा मोजू शकतो. या सगळ्या यंत्रणेचा जीव उपग्रहांत आहे. आणि उपग्रहाच्या व फडाच्या मध्ये एक अस्वस्थ थर पसरलेला आहे, तो म्हणजे आयनांबर.

जमिनीपासून साधारण ८० किलोमीटरवर हा थर सुरू होतो आणि शेकडो किलोमीटर उंच जातो. सूर्याच्या अतिनील किरणांनी तिथल्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. जीपीएसचा संदेश २०,२०० किलोमीटरवरून निघतो आणि या थरातून येताना थोडा रेंगाळतो. तो किती रेंगाळला याचा हिशेब चुकला, की जागाही चुकते. निसारच्या लांब तरंगांच्या रडारलाही हीच दुरुस्ती करून घ्यावी लागते.

महाराष्ट्रावरचं आयनांबर तर विशेषच खोडकर. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या परिसरातून जातं. (थुंबा इथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातून पहिलं अवकाश-संशोधन रॉकेट उडालं, ते ठिकाणही याच कारणाने निवडलेलं होतं.) दिवसा तिथले इलेक्ट्रॉन आणि आयन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना उतरतात. उत्तरेकडचा ढीग अहमदाबाद-भोपाळच्या आसपास साचतो. बारामती आणि इंदापूर या कारंज्याच्या उतारावर आहेत. सूर्य मावळला की खालचा थर झपाट्याने विरतो, वरचा दाट राहतो, आणि विरळ भागाचे बुडबुडे दाट भागात घुसून वर चढतात. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना तळातून बुडबुडे वर येतात ना, तसंच काहीसं. कारण वेगळं, पण दृश्य तेच. हे बुडबुडे शेकडो किलोमीटर लांबीचे असतात आणि त्यांच्यातून जाताना उपग्रहाचा संदेश चांदणीसारखा लुकलुकतो.

हा बुडबुडा आज कुठे उठेल, किती वेळ टिकेल हे नेमकं सांगणं अजून जमलेलं नाही. संशोधनाला जागा आहे ती इथे. अंतराळ म्हटलं की इस्रो, आणि इस्रो म्हटलं की इंजिनीअर, असा समज गावोगावी पक्का बसला आहे. त्या समजापायी भौतिकशास्त्र घेतलेली कितीतरी हुशार मुलं या विषयाच्या दारापर्यंतच येत नाहीत. या विषयाला, म्हणजे अवकाश भौतिकीला, हवा असतो भौतिकशास्त्राचा पाया, बऱ्यापैकी गणित आणि संगणकावर आकडे हाताळण्याची सवय. रॉकेट दुसरं कोणीतरी उडवतं.

महाराष्ट्रात तर या विषयाची मुळं फार जुनी आहेत. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा उभी राहिली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होऊ लागल्या. तेव्हा आपोआप नोंद करणारं यंत्र नव्हतं. चुंबकाच्या सुईचं सरकणं माणूस डोळ्यांनी वाचायचा आणि वहीत आकडा लिहायचा. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी सुई भलतीकडे धावू लागली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी काही मिनिटांच्या अंतराने वाचन सुरू ठेवलं. चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची (हे ते क्षेत्र मोजायचं एकक) घसरण त्यांनी लिहून ठेवली. २०२४ च्या वादळात जगभरची सरासरी घट ४०० च्या आसपास होती, यावरून त्या सकाळचा अंदाज यावा.

त्या वहीचं खरं मोल कळायला १४४ वर्षं लागली. २००३ मध्ये अवकाश भौतिकीचे अभ्यासक ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या नोंदी वापरून इतिहासातल्या सर्वांत प्रबळ ज्ञात सौरवादळांपैकी एकाचा हिशेब मांडला. जगातल्या इतर बऱ्याच वेधशाळांची यंत्रं त्या दिवशी पट्टीबाहेर गेली होती. कमी अक्षांशावरची कुलाब्याची नोंद मात्र शाबूत होती. आजही मोठ्या वादळाची तुलना करायची झाली की अभ्यासक त्या पानाशी येतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि नवी जागा शोधली अलिबागला. लोखंडाचा स्पर्श टाळून तिथली चुंबकीय नोंदीची दालनं बांधली गेली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग इथे एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुन्या आकड्यांचा नव्याशी सांधा तुटू नये. विज्ञानात इतकी काळजी घेणारी माणसं आपल्या किनाऱ्यावर होती, हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं. अलिबागची नोंद आजही चालू आहे आणि ती सांभाळणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नव्या पनवेलला आहे. पीएच.डी.साठी तिथे विद्यार्थी घेतात. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात या संस्थेचा रडार आहे आणि कोल्हापूरच्या आकाशातले आयनांबराचे बुडबुडे वरच्या हवेच्या रात्रीच्या मंद उजेडात (वायुदीप्तीत) टिपून त्यावर शोधनिबंध लिहिले गेले आहेत.

पुण्याचं काय? बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासूनचं, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेलं. त्याच विद्यापीठात वातावरण आणि अवकाशशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. त्याच आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे आणि एनसीआरए म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही. बारामतीहून सकाळची एसटी पकडली की शंभरेक किलोमीटरवर ही तिन्ही दारं पायी फिरण्याच्या अंतरात. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये आयुका सुरू झाली ती मुळात विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी. त्यामुळे तिथे विचारपूस करायला इंदापूरच्या मुलीने बिचकू नये.

आदित्य-एल१ वरची ‘सूट’ ही सौरदुर्बीण आयुकाच्या पुढाकाराने घडली. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं हे यान ६ जानेवारी २०२४ ला १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या ठिकाणी पोचलं. सूट अतिनील प्रकाशात ११ वेगवेगळ्या गाळण्यांतून सूर्य पाहते; यानावरची दुसरी उपकरणं सौरवाऱ्यातले कण मोजतात. ही माहिती इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर नोंदणी करून कोणालाही उतरवून घेता येते. पदव्युत्तर प्रकल्पासाठी उपकरण विकत घ्यायला पैसे नाहीत, ही जुनी अडचण इथे उरत नाही.

एनसीआरएची जीएमआरटी ही महादुर्बीण जुन्नर तालुक्यात खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. दूरच्या दीर्घिकांकडून आलेल्या रेडिओ लहरी आयनांबरातून येताना वाकतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञांना तो परिणाम काढून टाकावा लागतो. त्यांनी बाजूला सारलेली ती गडबड अवकाश भौतिकीवाल्याला मात्र हवीच असते, कारण तीच त्याची सामग्री.

आत शिरायचं कसं? बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. चालू असतानाच. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करू देते. आयुका आणि एनसीआरए यांचे सुटीतले कार्यक्रम आहेत, दोघांची मिळून रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा भरते. इस्रोच्या ‘स्टार्ट’ या ऑनलाइन वर्गांसाठी तर महाविद्यालयालाच केंद्र म्हणून नोंदवता येतं. एम.एस्सी.नंतर नेट, गेट, जेस्ट या परीक्षा. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या पीएच.डी. शिष्यवृत्त्याही आहेत. पनवेलखेरीज अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, तिरुवनंतपुरमची अवकाश भौतिकी प्रयोगशाळा आणि गादंकीची राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा हे पुढचे मुक्काम.

मुलं हुशारीत कमी पडत नाहीत, तारखांत कमी पडतात. उन्हाळ्यातल्या बऱ्याच संधींचे अर्ज दिवाळीनंतरच्या महिन्यांतच सुरू होतात, तेव्हा इथे सत्र परीक्षा आणि ऊसतोडीची धांदल असते. मार्चमध्ये चौकशी केली तर वर्ष गेलेलं असतं. दुसरी उणीव प्रोग्रॅमिंगची. पायथॉन येत नसेल तर निवड झाल्यावरही पहिले काही महिने चाचपडण्यात जातात. कायमच्या संशोधकाच्या जागा मोजक्या आहेत, हेही घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं. मात्र आकड्यांच्या राशीतून अर्थ काढायची जी सवय या पाच-सहा वर्षांत लागते, तिला उपग्रह-शेतीपासून हवामान अंदाजापर्यंत मागणी आहे.

सुरुवात करायला कोणाच्या पत्राचीही गरज नाही. योग्य अॅप टाकलं की बरेचसे अँड्रॉइड फोन जीपीएस उपग्रहांच्या, आणि काही फोन भारताच्या नाविक उपग्रहांच्याही, संदेशाची ताकद डेसिबलमध्ये दाखवतात. मार्चमध्ये तोड झालेल्या फडात, झाडं आणि भिंती नसतील अशा जागी फोन आडवा ठेवावा. रात्री आठपासून बारापर्यंतचे आकडे साठवावेत. दुसऱ्या रात्री हेच, फक्त चार मिनिटं आधी, कारण जीपीएसचे उपग्रह रोज साधारण तेवढे लवकर त्याच जागी येतात. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले की आसपासच्या वस्तूंवरून परावर्तित झालेल्या लहरींचा परिणाम दोन्हीकडे सारखाच दिसतो. एकाच रात्री, डोक्यावरच्या उपग्रहाचा आकडा अर्धा-पाऊण तास थरथरत राहिला, तर त्या तारखेची अलिबागची चुंबकीय नोंद काढायची आणि शेजारी ठेवायची. आणि मग आपल्या सरांना दाखवायची.