ड्रायरमध्ये अडकलेली चिल्लर कशी काढायची, आणि ती नेमकी कोणाची?

लाँड्री आणि इस्त्रीच्या धंद्यावरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. त्यात ड्रायर उघडण्याचा भाग घाईघाईत उरकला गेला, म्हणून तो इथे नीट लिहितो. व्हिडिओ पाहिला नसेल तरी चालेल, खाली सगळं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या वणीत "ड्रायर" म्हटलं की गरम हवेवर कपडे वाळवणारं विलायती मशीन कोणाच्या डोळ्यासमोर येत नाही. मे महिन्यात दोरीवर टाकलेली चादर अर्ध्या तासात कडक होते, त्यासाठी वीज कोण जाळणार? आपला ड्रायर म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधलं शेजारचं छोटं गोल भांडं, जे कपडे फिरवून पाणी काढतं. खरी गरज जुलै ते सप्टेंबर. खाणीत ड्युटी करणाऱ्यांचे काळे झालेले कपडे, शाळेचे गणवेश, सगळं एकाच वेळी ओलं असतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं असतं. त्या घाईत खिसे तपासायचे राहतात.

माझ्या ओळखीतल्या एका ताई घरातूनच धुणं-इस्त्रीचं काम करतात. मशीन जुनं, सेकंडहँड घेतलेलं. मागच्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, पँटच्या खिशात दहाची दोन नाणी होती, ती गेली. ताईंनी पदरचे वीस रुपये दिले आणि कामाला येणाऱ्या पोरीच्या हिशोबातून कापले. पोरगी एवढंच म्हणाली, "काकू, मी नाही घेतले जी." आणि दुसऱ्या दिवशी कामाला आली नाही. ताईंनी मला फोन केला तो पोरीबद्दल नव्हता. "दादा, ड्रायर खरखर वाजतोय, नवीन घ्यावा का?" असा होता.

आता आवाजाकडे येऊ, कारण अर्धं निदान आवाजातच होतं. मशीन सुरू होताना खणखण वाजलं, वेग धरल्यावर गप्प झालं आणि थांबताना पुन्हा वाजलं, तर नाणं आतल्या जाळीदार भांड्यातच आहे. वेग वाढला की ते भिंतीला चिकटून बसतं, म्हणून आवाज बंद होतो. झाकण उघडा, हात घाला, काम झालं. पण वेग वाढेल तशी खरखरही वाढत गेली, तर नाणं आतल्या भांड्याच्या आणि बाहेरच्या टाकीच्या मध्ये पडलंय. टाकी स्थिर आणि भांडं फिरतं, म्हणून ते सतत घासत राहतं. ताईंचा आवाज हा दुसरा होता.

भांड्याची भोकं तर बारीक, मग नाणं बाहेर जातं कसं? वरून. कपडे भरल्यावर त्यांच्यावर प्लास्टिकची एक चकती दाबून बसवायची असते. बहुतेक घरांत ती पहिल्या वर्षातच कुठेतरी हरवते. चकती नसली की कपडे वर चढतात आणि सुटी वस्तू काठावरून बाहेर फेकली जाते. किती जोरात? हे भांडं मिनिटाला साधारण १३५० फेरे घेतं. भांड्याची त्रिज्या १२ सेंटीमीटर धरली, तर काठाजवळच्या वस्तूवर तिच्या वजनाच्या जवळपास २४५ पट जोर येतो. २०११ पासूनच्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं असतं. फिरताना ते भिंतीवर ९०० ग्रॅमहून जास्त रेटा देतं. म्हणून चकती हरवली असेल तर आधी ती आणा. स्पेअरच्या दुकानात भांड्याचं माप दाखवलं की मिळते.

आता काढायचं कसं. पहिलं काम म्हणजे प्लग काढणं. नुसतं बटण बंद केलं म्हणजे झालं, असं समजू नका. मग धुण्याच्या टाकीतलं आणि ड्रायरमधलं सगळं पाणी सोडून द्या. बरेच जण इथे मशीनच आडवं करून हलवतात. ते अजिबात करू नका! नाणं घरंगळत पाणी जायच्या भोकात शिरतं आणि मग एका दुखण्याची दोन होतात.

आधी लोहचुंबक वापरून बघा. जुन्या स्पीकरमधला तुकडा दोऱ्याला बांधा आणि भांडं व टाकी यांच्यामधल्या फटीतून खाली सोडा. भांडं हाताने हळूहळू फिरवत राहा. एक आणि दोन रुपयांची आत्ताची नाणी स्टेनलेस स्टीलची असतात. ती ज्या जातीच्या स्टीलची असतात, ते स्टील चुंबकाला धरतं. पिवळसर पाच रुपयांचं नाणं निकेल-पितळेचं असतं, ते येणार नाही. त्यामुळे चुंबक रिकामा वर आला म्हणजे आत काही नाही, असं धरून चालू नका.

चुंबकाने भागलं नाही तर मागचं पॅनल उघडावं लागतं. स्क्रू एका वाटीत ठेवा. आत स्पिन मोटर दिसेल आणि जवळच कपॅसिटर. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. त्याच्या टोकांना बोट किंवा पेचकस लावू नका. इथे भीती वाटत असेल तर थांबा आणि मेकॅनिकला बोलवा, त्यात कमीपणा काही नाही. भांड्याचा दांडा खाली येऊन मोटरला कपलिंगने जोडलेला असतो. तो कुठवर आत बसलाय त्याची मार्करने खूण करा, मोबाईलवर फोटो काढा आणि मगच पान्याने लॉक-नट व बोल्ट ढिले करा. मग भांडं सरळ वर उचला. काही मॉडेलमध्ये त्याआधी वरचं पॅनलही सोडवावं लागतं.

भांडं निघालं की टाकीचा तळ मोकळा होतो. दांड्याभोवती घडीघडीचं रबरी सील असतं, सगळं लक्ष तिथे द्या. पक्कड घालून नाणं ओढायला गेलात आणि सील फाटलं, तर पाणी थेट मोटरवर गळतं. नाणं वाचवून मोटर घालवली, असं होतं. हातानेच उचला. सील आधीच चिरलेलं दिसलं तर तेही आत्ताच बदला, कारण एवढी उकल पुन्हा कोणी करत नाही. परत जोडताना खुणेवर जोडा. भांडं जास्त खाली बसलं तर तळाला घासतं.

(हॉटेल किंवा हॉस्पिटलच्या लाँड्रीत मोठा गरम हवेचा टम्बलर असेल, तर नाणी बहुतेक वेळा लिंट जमा होणाऱ्या जाळीच्या कप्प्यात किंवा ड्रम आणि पुढच्या कडेच्या फटीत सापडतात. मशीन थंड होऊ द्या, आणि लिंट पूर्ण काढा. कापसाचा तो भुगा पटकन पेट घेतो. गॅसची जोडणी असेल तर हात लावू नका.)

ताईंच्या ड्रायरमधून काय निघालं? दोन बटणं, एक सेफ्टी पिन, ब्लाउजचा हूक आणि पंधरा नाणी. दहाची दोन, पाचची तीन, दोनची चार, एकची चार, पन्नास पैशाचं एक आणि पंचवीस पैशाचं एक. चार आणे सोडले तर ४७ रुपये ५० पैसे. चार आण्याचं नाणं आपल्या कामाचं ठरलं. ३० जून २०११ पासून ते व्यवहारातून बंद झालंय आणि ताईंनी मशीन घेतलं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणजे काही चिल्लर तरी आधीच्या मालकाच्या घरची होती. दहाची दोन त्याच गिऱ्हाइकाची, हे सिद्ध करता येत नाही. पण पोरीने घेतली, हे तर आता कोणीच म्हणू शकत नव्हतं. ताई त्याच संध्याकाळी वीस रुपये घेऊन तिच्या घरी गेल्या. पोरगी पुन्हा कामाला आली, पण आठ दिवसांनी आणि जरा गप्पगप्पच.

दहाचीच नाणी खिशात का राहतात, याचंही कारण आहे. आपल्याकडे बरेच दुकानदार अजून ती घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की तोवर निघालेली चौदाही नमुन्यांची नाणी चालतात, ₹ चं चिन्ह असो वा नसो. तुमच्या दुकानात तरी ती घ्या. चिल्लर साठली तर बँकेत नेताना शंभर-शंभरच्या पाकिटात न्या, मोजणाऱ्याचंही काम सोपं होतं. मशीनमधून निघालेली नाणी साबणाच्या पाण्याने धुवा. ॲसिड नको, कानस तर नकोच. नाण्याची बनावट बिघडलेली नसावी आणि वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेलेलं नसावं, ही कायद्याची अट आहे. ड्रायरमध्ये महिनोन्‌महिने घासलेलं नाणं कधीकधी इतकं गुळगुळीत होतं की त्यावर आकडाच दिसत नाही.

आता मालकीचं. "खिशातील वस्तूंस आम्ही जबाबदार नाही" ही पाटी सगळीकडे असते. लावा, हरकत नाही. पण त्या पाटीमुळे सापडलेली वस्तू तुमची होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ नुसार दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. दोन रुपयांसाठी कोर्टात कोणी जात नाही हे मलाही कळतं. पण खिशात चिल्लरच असते असं नाही. अंगठी असते, पेन ड्राइव्ह असतो, घराची किल्ली असते.

ताईंकडे आता हे असं चालतं. कपडे घेतानाच गिऱ्हाइकासमोर खिसे उलटे करायचे. निघालं ते तिथेच परत. धुताना सापडलं तर टोकन नंबर आणि तारीख लिहिलेल्या छोट्या पिशवीत टाकून वहीत नोंद, आणि इस्त्रीच्या गठ्ठ्यासोबत परत. कोणाचं ते कळलंच नाही तर काउंटरवरच्या पारदर्शक बरणीत, सगळ्यांना दिसेल असं. ही वही ती पोरगीच लिहिते. पहिल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला दीड रुपया परत मिळाला, तेव्हा तो हसला होता. पुढच्या खेपेला तोच माणूस शेजारच्या क्वार्टरमधल्या दोघांचे कपडे घेऊन आला.

बरणीतल्या बिनवारशी पैशांचं काय करायचं, हे ताईंचं अजून ठरलेलं नाही. सध्या त्यात एकतीस रुपये आहेत आणि ते चार आणे.