फोटो चांगला कसा येईल?

पुष्कळ घरांत असं घडतं. घरातलं वडीलधारं माणूस जातं. भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून शोधाशोध सुरू होते. फोटो बरेच सापडतात. पण एकात आजी मुंगीएवढी दिसते. दुसऱ्यात तिच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला. तिसऱ्यात तोंडच काळं. मग लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून आजीचं तोंड कापून मोठं करतात. ते पुसट येतं. आता आजीला पुन्हा कुठून बसवणार?

फोटो काढण्याची रीत पॅरिसला १८३९ साली जाहीर झाली. मुंबईत १८५४ साली फोटो काढणाऱ्यांची संस्थाही निघाली. तेव्हा यंत्र जड होतं. आज ते मोबाइलमधून खिशात आलं आहे. पण नीट बघण्याचं काम अजून आपलंच आहे. त्यासाठी पाच गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट : फोटो कशाचा, ते ठरवा. आजीचा ना? मग चार पावलं पुढे व्हा. घर, गोठा, मोटारसायकल सगळं एकाच फोटोत कोंबू नका.

दुसरी : मागे काय आहे ते बघा. आपला डोळा आपल्या माणसाकडेच बघतो. खांब, दोरीवरचे कपडे तो सोडून देतो. यंत्र काहीच सोडत नाही. एक पाऊल बाजूला सरका, म्हणजे खांब डोक्यामागून हटेल.

तिसरी : उजेड बघा. दाराकडे पाठ करून बसवलं, तर मागच्या उजेडापुढे तोंड काळं पडतं. आजीचं तोंड दाराकडे करा. तुम्ही दाराच्या बाजूला उभे राहा.

चौथी : जागा नेमा. मुलं फुली-गोळा खेळतात, तशा दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मनात ओढा. आजी मधोमध नको, एका उभ्या रेघेवर येऊ द्या. ती ज्या बाजूला बघते, तिकडे जागा जास्त सोडा. नाहीतर ती भिंतीला नाक लावून बसल्यासारखी दिसते. हा तीन भागांचा नियम इंग्लंडातल्या जॉन थॉमस स्मिथ या चित्रकारानं १७९७ साली पुस्तकात लिहिला. म्हणजे फोटोच्याही आधी! पुष्कळ मोबाइलमध्ये या रेघा पडद्यावर दिसण्याची सोय असते. पण नियम म्हणजे काही बेडी नव्हे. देवळापुढची दीपमाळ मधोमधच शोभते.

पाचवी : डोळ्याला डोळा भिडवा. आजी खाली बसली असेल, तर तुम्हीही खाली बसा. वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि अंग आखूड दिसतं. लहान मुलांचंही तसंच.

आज उजेड आहे तोवर म्हणा, "आजी, जरा दाराशी बस ना."

ती म्हणेल, "माझा म्हातारीचा कसला रे फोटो?"

म्हणू द्या. ती हसेल, तेवढ्यात फोटो काढा.