उजेडाचा हिशेब : वस्तीवरचे आणि ऊसवाटेवरचे दिवे



गळिताच्या तोंडावर गटागटांतून फिरताना ठरलेले तीन प्रश्न कानावर येतात : बेणे कुठले, खताचा हप्ता कधी आणि तोड केव्हा. हल्ली त्यात चौथ्याची भर पडली आहे. "साहेब, वस्तीवर फोकस कुठला लावू? बिल तर येऊ नये आणि उजेड तर पडावा!" तालुक्याच्या दुकानात गेलात तर बाहेर लावायच्या एलईडी दिव्यांना मागणी किती वाढली ते दिसेलच. घरापुढे, गोठ्यावर, मोटारीच्या खोलीवर, दूध संकलन केंद्रावर, सगळीकडे हे दिवे लागत आहेत. शेवंतीवाले रात्री उजेड देऊन कळी लांबवतात, तर ड्रॅगन फ्रूटवाले उजेड देऊनच बिगरहंगामी फूल आणतात.

मी शेतीच्या डिप्लोम्याचा माणूस, इलेक्ट्रिकचा नव्हे. तरीपण हिशेब सोपा आहे. १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की १ युनिट पडते. साठचा जुना बल्ब दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत ११ तास धरला तर महिन्याला सुमारे २० युनिट जातात. ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर ३ युनिट. जुन्या बल्बमध्ये शंभर पैशांच्या विजेतले जेमतेम पाच पैसे उजेडाला लागतात, बाकीची नुसती ऊब. थंडीत कोंबडीच्या पिलांना ती उपयोगी, अंगणाला काय करायची?

पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी लागतो आणि तो बनवताना शास्त्रज्ञांची अनेक वर्षे गेली. ते जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, केंद्र सरकारने रस्त्यावरचे दिवे बदलण्याची योजना काढली. त्यातून देशभर एक कोटीच्या वर दिवे बदलले गेले. १५० वॅटचा पिवळा सोडियम दिवा त्याच्या चोकसकट १७० वॅटच्या आसपास ओढतो. त्याच खांबावर ६०-७० वॅटचा एलईडी पुरतो. हा फरक ग्रामपंचायतींना चांगलाच कळतो. २०२१ साली थकबाकीपोटी राज्यात कितीतरी गावांच्या दिवाबत्तीची वीज तोडली होती. ते अंधारे दिवस पुष्कळांना आठवत असतील.

आता आपल्या कामाचे सांगतो. दोन हंगामांमागे रात्री साडेनऊच्या सुमारास मी गट ऑफिसातून घरी निघालो होतो. वळणावर उसाची डबल ट्रॉली पंक्चर होऊन उभी. मागे दिवा नाही, पट्टी नाही. नुसते वाढ्याचे दोन बुचडे अडकवलेले. ड्रायव्हर जॅक आणायला गेला होता. मी मोटारसायकल हळू केली, मनात म्हटले, उद्या मुकादमाला बोलू, आणि पुढे गेलो. तासाभराने फोन आला. आपल्याच एका सभासदाचा मुलगा त्या ट्रॉलीवर आदळला होता. जीव वाचला, पण पाय मोडला. पोरगा वर्षभर घरी बसून होता. मी थांबलो असतो, माझी बॅटरी तिथे लावून ठेवली असती, तर? हा प्रश्न अजून माझ्या मानगुटीवर आहे.

पूर्वी बैलगाडीच्या आखाला कंदील टांगलेला असे. तो बिचारा मिणमिणायचा, पण गाडी आहे एवढे तरी लांबून कळायचे. आता सेलवर चालणारा लाल लुकलुकता एलईडी रात्रभर सहज टिकतो आणि त्याचा खर्च एका पंक्चरच्या आसपास. ट्रॉलीला तो दिवा आणि लाल परावर्तक पट्ट्या, बैलगाडीला मागे-पुढे दोन्हीकडे पट्ट्या, एवढे तरी पाहिजेच. गाडीमालक म्हणतात, दिवे चोरीला जातात. खरे आहे, जातात. तर नटाने न बसवता साखळीने अडकवा आणि रिकामी गाडी लावली की काढून घ्या.

दिवा घेताना नुसते वॅट बघू नका. उजेड लुमेनमध्ये मोजतात. तो आकडा आणि बी.आय.एस. नोंदणी खोक्यावर बघा. बाहेरच्या दिव्यावर 'आयपी ६५' असावे. त्यातला ६ म्हणजे आत धूळ जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा मारा सोसतो. आपल्याकडे व्होल्टेज कधी वर, कधी खाली. म्हणून सर्ज संरक्षण असलेलाच दिवा घ्यावा. मी स्वतः स्वस्तातले दोन फोकस आणून वळवाच्या पहिल्याच कडकडाटात घालवले आहेत. सौर दिव्याचे पॅनेल टिकते, आधी मरते ती बॅटरी. तेव्हा बॅटरीची हमी किती वर्षांची ते पावतीवर लिहून घ्या. पॅनेलवरची धूळ पुसायला मात्र घरचेच माणूस लागते.

आणि हुमणीचे विसरू नका. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की मे-जूनमध्ये तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर बसतात आणि उजेडाकडे झेपावतात. उसाच्या कडेला रात्रभर पांढरा झगझगीत फोकस ठेवणे म्हणजे त्यांना आवतणच. त्या दिवसांत पिवळसर दिवा लावा, नाहीतर संध्याकाळचे दोन तास बंद ठेवा. त्याच दोन तासांत बांधावर प्रकाश सापळा चालवा. खाली घमेल्यात रॉकेल टाकलेले पाणी ठेवले की काम भागते. सापळा रात्रभर मात्र ठेवू नये, मित्रकीटकही मरतात. एकट्याने लावून उपयोग थोडा, शिवारातल्या सगळ्यांनी मिळून लावावा.

एक गमतीची गोष्ट. दिवस लहान होऊ लागले की उसाला तुऱ्याची कळ लागते आणि रात्री मध्येच उजेड पडला तर ती मोडते. पैदासकारांना हे फार दिवसांपासून माहीत आहे. रस्त्याच्या खांबाखालचा ऊस कधी बिनतुऱ्याचा दिसला तर नवल वाटू देऊ नका. म्हणून कोणी उसात दिवे लावायला जाऊ नये. तुरा टाळायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये पाणी आवरा आणि जातीची निवड नीट करा.

गाडीतळावरचा आणि गव्हाणीवरचा उजेडही आपल्याच चिपाडाच्या विजेवर चालतो. तिथे वाचलेले युनिट सहवीजनिर्मितीतून बाहेर विकता येते. फडकऱ्यांच्या कोप्यांकडे जाणारी वाट मात्र अजून अंधारी आहे. रात्री पाण्याला निघणाऱ्या बायका-पोरांना तिथे विंचू-सापाची धास्ती असते. त्या वाटेवर आधी दिवे द्यावेत, असे मी लेखी कळवले आहे.

ट्रॉली व बैलगाडीधारक सभासदांनी पट्ट्या आणि लाल दिवे आधी लावून मगच गाडी कारखान्याकडे आणावी. प्रकाश सापळा कसा बांधायचा ते गट ऑफिसात विचारावे. चिटबॉयकडे नाव दिल्यास मी स्वतः वस्तीवर येऊन दाखवीन.

— ऊस विकास अधिकारी