टीडीएसच्या रुपयाचा माग

समजा, पुण्यातल्या एका बँकेत तुमची मुदत ठेव आहे आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षात तिच्यावर ८०,००० रुपये व्याज झालं. बँकेने त्यातले १० टक्के, म्हणजे ८,००० रुपये, टीडीएस म्हणून कापले. तुम्ही कुठे सही केली नाही, कुठला अर्ज भरला नाही. तरी देशभरातल्या असंख्य कपातींच्या गर्दीतून वाट काढत हे ८,००० रुपये बरोबर तुमच्याच नावापुढे जाऊन बसतात. हे घडतं कसं, ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. रिटर्न भरताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळही तिथेच सापडतं.

सुरुवात पॅनपासून. दहाच खुणा, पण त्यांत किती काही भरलंय! चौथं अक्षर सांगतं की हा करदाता कोण: ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. व्यक्ती असेल तर पाचवं अक्षर आडनावाचं; कुलकर्ण्यांचं ‘के’, देशपांड्यांचं ‘डी’. मग चार आकडे आणि शेवटी पडताळणीचं एक अक्षर. कर कापणाऱ्या बँकेलाही असाच दहा खुणांचा स्वतःचा टॅन असतो. त्याची पहिली तीन अक्षरं गावाची ओळख सांगतात: पुण्याला ‘पीएनई’, नागपूरला ‘एनजीपी’.

आता ते ८,००० रुपये. कापलेला कर बँकेला पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारात भरावा लागतो. मार्चच्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुभा आहे. भरणा झाला की चलन बनतं आणि त्यावर तीन गोष्टी उमटतात: पैसे स्वीकारणाऱ्या शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, तारीख आणि पाच आकडी अनुक्रमांक. एवढ्यावर देशातलं कुठलंही चलन वेगळं ओळखता येतं. पण या चलनात अनेकांचे पैसे एकत्र असतात. त्यातले कुणाचे किती, हे बँक दर तिमाहीला वेगळ्या विवरणात पॅननिशी कळवते. मग गाझियाबादमधल्या वैशालीतलं टीडीएस प्रक्रिया केंद्र दोन्ही बाजू ताडून पाहतं: तिजोरीत आलेली रक्कम एकीकडे, बँकेने सांगितलेले मालक दुसरीकडे. जुळलं, की तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे जमा कराच्या विवरणात, त्या नोंदीपुढे ‘एफ’ उमटतो. नाही जुळलं, तर ‘यू’. २६एएस उघडल्यावर सगळे आधी रकमा बघतात. मला विचाराल तर आधी हे अक्षर बघावं. त्या एका ‘एफ’मागे बँक, तिजोरी आणि प्रक्रिया केंद्र या तिघांचा हिशेब जुळलेला असतो.

या प्रवासाला वेळ लागतो आणि पहिला खड्डा तिथेच आहे. जानेवारी ते मार्चचं विवरण द्यायची मुदत ३१ मे. नोकरीतला फॉर्म १६ मिळायची मुदत १५ जून. म्हणजे एप्रिल-मेमध्ये ‘एकदाचं उरकून टाकू’ म्हणून रिटर्न भरणारा माणूस अर्ध्या कागदांवर हिशेब मांडत असतो. जूनचा दुसरा पंधरवडा उत्तम. पगारदारांची शेवटची तारीख ३१ जुलै. ती चुकली तर ५,००० रुपये विलंब शुल्क, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००.

नोव्हेंबर २०२१ पासून २६एएसच्या जोडीला एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, आलं. बचत खात्याचं व्याज, लाभांश, विकलेले शेअर, म्युच्युअल फंडाचे व्यवहार, सगळं त्यात दिसतं. वर्षभरात बचत खात्यांत १० लाख किंवा अधिक रोख भरली, तर बँक तेही कळवते. आयकर खात्याला दिसणारं हे पान ते खातं आपल्यापुढेही उघडं करतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. एखादी नोंद आपली नसेल किंवा दोनदा आली असेल, तर तिथल्या तिथे तसं नोंदवताही येतं.

पण नोंद दिसली म्हणजे कर चुकता झाला, असं नव्हे. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ८०,००० वर उपकरासह कर होतो २४,९६०. बँकेने कापले ८,०००. उरलेले जवळजवळ सतरा हजार तुम्हीच भरायचे. आगाऊ कर भरला नसेल तर वर महिन्याला एक टक्का व्याज. उलट, एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० पर्यंतच्या व्याजावर (ज्येष्ठांना एक लाखापर्यंत) बँक टीडीएस कापतच नाही. त्यावरून ‘कापलं नाही म्हणजे करमुक्त’ अशी समजूत सर्रास आढळते. ती साफ चुकीची आहे. शेवटी एकरकमी पैसे देणाऱ्या ठेवीचंही तसंच. हातात पाच वर्षांनी पडतात, पण बँक व्याज दरवर्षी मांडते आणि कापते, म्हणून आपणही ते दरवर्षी दाखवलेलं बरं.

घरोघरी दिसणारी गोष्ट म्हणजे पैसे आईचे, ठेवीवर पहिलं नाव मुलाचं. बँकेच्या लेखी व्याज पहिल्या नावाच्या पॅनवर जातं आणि मुलाच्या एआयएसमध्ये उगवतं. उत्पन्न आईचं असल्याचं लेखी पत्र मुलाने बँकेला वेळेत दिलं, तर टीडीएस आईच्या पॅनवर दाखवता येतो. वर्ष संपल्यावर धावपळ करण्यापेक्षा ठेव ठेवतानाच नावांचा क्रम विचारून घ्यावा.

वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही फॉर्म १६ शेजारी ठेवून पाहा. नव्या कंपनीला आधीचा पगार कळवला नसेल, तर दोन्हींकडे ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि सुरुवातीचे स्वस्त टप्पे धरलेले असतात. कायद्याने ते एकदाच मिळतात, त्यामुळे रिटर्न भरताना अचानक मोठी रक्कम निघते.

रिटर्न पाठवलं की ३० दिवसांत ई-पडताळणी करायची, आधारच्या ओटीपीने दोन मिनिटांत होते. उशिरा केली तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख धरली जाते आणि जुलैत वेळेवर भरलेलं रिटर्नही उशिराचं ठरतं. रिटर्नवरचं पुढचं काम बेंगळुरूच्या आयकर प्रक्रिया केंद्रात. कर जास्त कापला गेला असेल, तर परतावा पोर्टलवर पडताळलेल्या बँक खात्यात येतो. वेळेत भरलेल्या रिटर्नवर १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याजही मिळतं, फक्त परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाही. आणि हे व्याजसुद्धा उत्पन्नच. पुढच्या वर्षीच्या एआयएसमध्ये त्याचीही ओळ असते.